चार बोटे पात्याची हकीकत

श्री. देणारी तीच आणि हिरोन घेणारीही तीच, त्या कुलस्वामिनीचे चरणी मस्तक ठेवून हे वर्तमान लिहिले असे. शके सत्राशे सहा, क्रोधी नाम संवत्सर. ते साली राज्याचे दिवस फिरले. वैशाखात पलीकडील सरकाराशी लढाई जाहली, आपल्या लष्कराने शिकस्त खाल्ली, मातबर माणूस कामास आले, आणि मग तह जाहला. तहाची कलमे बहुत. त्यांत एक कलम ऐसे की, या राज्यात खाशांपासून हुजऱ्यापर्यंत कोणीही चार बोटांहून लांब पाते बाळगू नये. मग तलवारी गेल्या, पट्टे गेले, भाले गेले, बायकांनी उशाशी ठेविलेल्या कट्यारी त्याही गेल्या. पलीकडील सरकारचा वकील राजधानीत येऊन राहिला, त्याने चार बोटे लांबीची एक पितळी पट्टी करविली, आणि कारकून घरोघर फिरवून पाती मोजविली. स्वयंपाकघरातील विळ्याही मोजू लागले, तेव्हा एक सोवळी म्हातारी विळी घेऊन अंगणात आली आणि बोलली, "मोज मेल्या, आणि उद्यापासून तूच ये माझी भाजी चिरायला." कारकून खजील जाहले आणि विळ्या माफ जाहल्या. त्या साली राज्यास विजय मिळाला तो इतकाच.

सिलेखान्याचे दरोगे सिदोजी खराटे म्हणून होते. सारी हयात त्यांनी राज्याच्या हत्यारांस तेल दिले, गंज खरवडला, कोणते पाते कोणाचे हे डोळे मिटून हाताने ओळखावे ऐसी ख्याती. तहानंतर तलवारी मोजून देण्याचे काम त्यांच्याच कपाळी आले. त्यांनी एकेक काढून दिली. पुढेही नित्य सकाळी उठावे, सिलेखान्याचे कुलूप काढावे, रिकाम्या खुंट्यांवरील धूळ झाडावी, आणि उंबऱ्यावर बसून राहावे. कोणी पुसिले, "दरोगे, आता राखता काय?" तर म्हणावे, "दार राखतो."

त्यांचे एक जिवलग स्नेही दावजी हंडे. हंड्यांचे घराणे राज्याच्या मूळ सात घराण्यांपैकी. दावजींचा स्वभाव असा की शिकस्तीनंतर अवघी राजधानी सुतकात बसल्यासारखी जाहली, तरी हा एक गृहस्थ हसे आणि हसवी. लढाईत उजव्या पायास गोळी लागून लंगडत होते, त्यावरही विनोद करीत. सिदोजींपाशी नित्य येऊन उंबऱ्यावर बसावे, पान लावावे, अर्धे त्यांस द्यावे, आणि मग दोघांनी काही न बोलता रस्ता पाहात बसावे, ऐसा क्रम होता.

भाद्रपद लागला आणि वकील दरबारात आला. महाराज तर शिकस्तीपासून अंथरुणास खिळलेले, भिंतीकडे तोंड करून पडावे, कोणाशी बोलू नये. राज्याचा गाडा मातुश्री आईसाहेब चिकाचे पडद्याआडून हाकीत होत्या. वकील अदबीने मुजरा करून गोड शब्दांत बोलिला, "आईसाहेब, तहात आमच्या सरकारने आपल्या मानकऱ्यांच्या सनदा चालू ठेविल्या आहेत. अट इतकीच की, जुन्या दंडकाप्रमाणे खंडेनवमीस मानकऱ्यांनी शस्त्रे पुजून गादीस मुजरा करावा. यंदा शस्त्रे तर नाहीत. मग दरबार भरविण्याची तसदी कशास घ्यावी? आम्ही तसे लिहून कळवितो." ऐसे बोलून हसला आणि विडा घेऊन गेला. तेव्हा दरबारात जो तो समजला. पूजा न जाहली तर सनदा बुडाल्या, सनदा बुडाल्या म्हणजे मानकरी बुडाले, आणि मानकऱ्यांवाचून गादी म्हणजे नुसती उशी.  मग पडद्याआडून आईसाहेबांनी पुसिले, "चार बोटांचे पाते तर मना नाही ना?"

फडणीस नारोपंत म्हणाले, "मना नाही. परंतु चार बोटांत शस्त्र ते काय येणार? फार तर घडीचा चाकू."

"मग चाकू पुजू. देवीस लांबी कळत नाही पंत, धार कळते."

मग सिदोजींस बोलाविणे गेले. खजिन्याची अवस्था ऐसी की घुशीही उपाशी मराव्या. नारोपंतांनी इकडून तिकडून झाडून काही रुपये केले, पुरेनात, तेव्हा आईसाहेबांनी आपला जेवणाचा चांदीचा पाट मोडून दिला, आणि लहानशी एक थैली जाहली. ती सिदोजींच्या हाती देऊन पडद्याआडून आज्ञा जाहली की, "दरोगे, शिकलगारांच्या पेठेस जा आणि चाकू खरेदी करून आणा. वीस-बावीस मानकरी आहेत, कोणी रिते हाताने उभे राहू नये. आणि जिन्नस डुगडुगता, लेचापेचा आणू नका. वकील हाती घेऊन पाहील. त्याने हसता कामा नये." सिदोजींनी थैली हातात तोलिली. वजनावरूनच त्यांस उमगले की या दोन आज्ञा एका थैलीत मावणाऱ्या नव्हेत. परंतु खावंदांपुढे बोलावे कसे, म्हणून मुजरा करून निघाले.

शिकलगारांची पेठ नदीपार, दीड दिवसाची वाट. सोबतीस दावजी निघाले. दोन मरतुकडी तट्टे, वाटेत ओसाड गावे, शेतात तण माजलेले, कोठे कोठे धनी लढाईत गेल्याने घरांस कुलपे. सिदोजी मान खाली घालून चालले होते. दावजी म्हणाले, "सिदोजी, पूर्वी आपण मुलुखगिरीस निघत होतो तेव्हा मागे हत्ती असत. आज चाकू आणावयास निघालो. पुढचे साली सुया आणावयास निघू, त्यापुढे काटे वेचू." सिदोजी हसले नाहीत. म्हणाले, "आईसाहेबांनी बसावयाचा पाट मोडला रे. आता त्या जमिनीवर बसून जेवतात." 

पेठेत पोहोचले. तोंडाशीच एका व्यापाऱ्याचे मोठे दुकान, मखमलीवर चाकू मांडिलेले, पितळी मुठी, मुठींवर मोर, मोरांस लाल काचेचे डोळे, आणि किंमत पाहावी तर अगदी थोडकी. दावजी खूष जाहले. "घे की! एवढ्या थैलीत बावीस येतील आणि परतीच्या वाटेत पेढे खाण्यापुरते उरेल." सिदोजींनी एक उचलिला, उघडिला, आणि पाते दोन बोटांत धरून आडवे हालविले. पाते पडक्या दातासारखे हालले. मग तो उजेडासमोर धरिला, तर मुठीत आणि पात्यात दोरा जाईल इतकी फट. मग टोक फळीवर टेकून किंचित भार दिला, तोच पाते उलटून मुठीत आले, आणि बोटे वेळीच काढिली म्हणून वाचली. दावजींस म्हणाले, "चाकू घेताना मोराकडे पाहू नये, पाते ज्यावर फिरते त्या खिळ्याकडे पाहावे. थोड्या पैशात मोरही मिळाला आणि पातेही मिळाले, ऐसे कधी होत नाही. कोणी एकासच पैसे मिळतात. येथे ते मोरास मिळाले आहेत."

"अरे, पण यास हळदकुंकूच वाहावयाचे ना? पूजा जाहली की घरी नेऊन पेरू कापू. पेरूस कोठे कळते खिळा?"

"वकिलास कळते."

दावजी लंगडा पाय चोळीत दुकानाच्या पायरीवर बसले आणि एकदम गंभीर होऊन बोलिले, "हसला तर हसू दे त्याला. शिकस्त खाल्ली, तलवारी मोजून दिल्या, आता हसण्यास भितोस? हे घे आणि सर्वांस एकेक दे, कोणी रुसणार नाही. मानकऱ्यांचा रुसवा वाईट, सिदोजी. आपली लढाईही निम्मी रुसव्यानेच गेली." हे बोलणे खरे होते आणि सिदोजींस ते खरे आहे हे कळतही होते. परंतु त्यांच्या डोळ्यांसमोर वकील उभा राहिला, त्याच्या दोन बोटांत हा हालणारा दात, आणि पडद्याआड आईसाहेब. त्यांनी चाकू मखमलीवर ठेविला आणि म्हणाले, "पुढे पाहू."

पेठेच्या शेवटास गल्लीत एक अंधारे दुकान होते. आत हुसेनबी म्हणून शिकलगारीण सहाणेवर पाते घाशीत बसलेली. तिचा नवरा आपल्याच लष्कराबरोबर हत्यारे परजावयास गेला होता, तो परतला नाही; त्याच्या कामामुळे ती दरोग्यांस ओळखीत होती. दीर भट्टी सांभाळी आणि ही धार लावी. पुढ्यात फडक्यावर चाकू पडलेले, मुठी म्हशीच्या शिंगाच्या, काळ्या, साध्या, एकावर नक्षी म्हणून नाही. सिदोजींनी एक उचलून उघडिला. कमान टक् करून बसली. पाते हालविले, हालेना. नखावर धार टेकिली, ती न घसरता तेथेच चिकटून राहिली. मग पाते उजेडास धरिले, आणि त्यावर पाण्याच्या लाटांसारखा बारीक जौहर दिसला. सिदोजींचा हात थांबला. म्हणाले, "बाई, हे पोलाद बाजारातले नव्हे."

"नव्हेच," हुसेनबी बोलली. "तुमच्याच घरचे आहे, दरोगेसाहेब. पलीकडल्या सरकारने तुमच्या तलवारी ऐरणीवर घालून मोडल्या आणि नदीच्या घाटावर मोडीच्या भावाने विकल्या. पेठेने थोडथोड्या घेतल्या. एका तलवारीत पाच-सहा चाकू निघतात. पाणी पुन्हा द्यावे लागते, पण जात कोठे जाते?"

हे ऐकून सिदोजी खाली बसले. बोटाने पात्यावरील लाटा चाचपीत राहिले. कोणाची असावी? कोणत्या खुंटीवरची? हाताने ओळखणारा माणूस, परंतु चार बोटांच्या तुकड्यावरून ओळख पटेना. दावजींनी दुसरा एक उचलिला, मुठीत धरिला, उघडिला, मिटविला, पुन्हा उघडिला, आणि बाजारात आल्यापासून प्रथमच विनोद न करता म्हणाले, "सिदोजी, हा तर हातात उगवल्यासारखा बसतो." मग तो खाली ठेवीनात. थोड्या वेळाने हळूच बोलिले, "पूजेचे दिवशी वाटणी होईल तेव्हा हा मला मिळेल काय रे?" सिदोजी म्हणाले, "दरबार ठरवील." परंतु मनात म्हणाले की तुलाच देईन.

मग किंमत निघाली. थैली ओतून पाहिली तर सातच येत होते. सिदोजींनी रदबदली बहुत केली, राज्याचे नाव घेतले, देवीचे नाव घेतले. तेव्हा हुसेनबीने हातातील पाते खाली ठेविले आणि ओढणीने घाम पुसून बोलली, "दरोगेसाहेब, तुमच्या लष्करात माझा माणूस गेला. त्याची भरपाई मागावयास मी आले नाही, आणि मागितली असती तर तुमच्यापाशी द्यावयास काही नाही हेही मला ठाऊक आहे. निदान लोखंडाचे तरी पुरते पैसे द्या."  दावजींनी एकवार तोंडाशी असलेल्या मोरांच्या दुकानाकडे मान वळवून पाहिले. सिदोजींनी पाहिले नाही. त्यांनी थैली उलटी केली, सात चाकू शेल्यात बांधिले, आणि परत फिरले.

राजधानीस आले आणि पडद्याखालून चाकू आत गेले. आतून टक् करून एक उघडल्याचा आवाज आला, मग मिटविल्याचा, मग पुन्हा उघडल्याचा. आईसाहेब बोलल्या, "जिन्नस उत्तम. बहुत दिवसांनी लोखंड हाती घेतल्यासारखे वाटले." मग म्हणाल्या, "पण दरोगे, पुरवावा कसा?" सिदोजींनी हात जोडून सांगितले की, "खराब आणिले असते तर सर्वांस पुरते. चाकराच्याने ते जाहले नाही." आईसाहेब रागे भरल्या नाहीत. त्यांनी विचार करून ठराव केला की, मूळची सात घराणी, घराणे पाहून एकेक चाकू द्यावा आणि बाकीच्यांनी पूजेच्या तबकास हात लावून मुजरा करावा. बाकीचे कुरकुरले, परंतु सात घराण्यांच्या पुढे त्यांचे काय चालणार? आणि हे येथवर ठीक जाहले.

अडले ते हंड्यांपाशी. हंड्यांच्या घरात दोन पात्या म्हणजे शाखा, थोरल्या पातीचे सुभानराव, धाकट्या पातीचे दावजी, एकमेकांचे भाऊबंद. मान कोणाचा यावर त्यांच्या बापांत तंटा होता, आज्यांत तंटा होता. परंतु इतके दिवस प्रत्येकाच्या कमरेस आपापली तलवार असे, दोघांनी दोन टोकांस उभे राहून पुजावी, तेणेकरून तंटा निजून राही. आता घर एक आणि चाकू एक. आईसाहेबांनी पुसिले, "सिदोजी, तुम्ही दोघांसही जाणता. कोणास द्यावा?"

येथे सिदोजींची सत्त्वपरीक्षा जाहली. जिभेवर दावजींचे नाव आले. परंतु दरबारात वीसजण कान टवकारून उभे, सुभानराव डोळे रोखून पाहात, आणि सिदोजी-दावजींचा उंबऱ्यावरचा स्नेह अवघ्या शहरास ठाऊक. उद्या म्हणतील, खराट्याने मित्रास मान विकला. म्हणून मनास पीळ घालून बोलिले, "थोरली पाती सुभानरावांची. त्यांस द्यावा." दावजींनी त्यांजकडे पाहिले. रागाने पाहिले नाही. वाटेत ओळखीचा माणूस न बोलता निघून जावा आणि आपण थबकून राहावे, तैसे पाहिले. आणि तो जो चाकू पेठेत दावजींच्या हाती बसला होता, तोच वाटणीत सुभानरावांकडे गेला, कारण चाकूंवर खूण ती काय, सारे एकसारखे काळे. सिदोजींस मात्र तो कळला. त्यांनी तोंड उघडिले नाही.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. दरबार भरला. मधोमध पाट, पाटावर तांबडे वस्त्र, त्यावर सात चाकू उघडे, झेंडूची फुले, हळद, कुंकू. जेथे पूर्वी तलवारींची रास मावत नसे तेथे सात काळ्या मुठी पाहून म्हाताऱ्या मानकऱ्यांनी तोंडे फिरविली. वकील आपली पितळी पट्टी घेऊन आला, हसतच आला. पाती मोजिली, चार बोटे भरली, कमी नाही, अधिक नाही. मग धार पाहावी म्हणून त्याने एका पात्यावरून अंगठा फिरविला, आणि काय जाहले ते त्यास क्षणभर कळलेच नाही. अंगठ्यातून रक्ताची धार तांबड्या वस्त्रावर पडली. वकिलाचे हसू मावळले. त्याने अंगठा मुठीत धरिला आणि आपल्या जागी जाऊन बसला. पडद्याआड बांगड्या वाजल्या. सिदोजींस वैशाखापासून प्रथमच छाती भरून श्वास आला. मनात म्हणाले, सात तर सात, परंतु राज्य राखिले.

मग पूजा सुरू जाहली. एकेका घराण्याने पुढे व्हावे, आपल्या चाकूस हळदकुंकू वाहावे, तो उचलून मस्तकी लावावा, आणि गादीस मुजरा करावा. हंड्यांची पाळी आली. सुभानराव पुढे जाहले. त्यांच्या मागून दावजी लंगडत आले आणि बोलिले, "दादा, चाकू तुझाच. मी नुसते कुंकू लावतो. मुलेबाळे पुसतील की यंदा काय पुजिले, तर हात लाविला इतके तरी सांगेन." बोलणे गरिबीचे होते. परंतु सुभानराव चार महिने कढत होते, तलवार गेली, घोडा गेला, आणि आता हा एक चार बोटांचा मान उरला, त्यातही वाटेकरी आला ऐसे त्यांस वाटले. ते म्हणाले, "तबकास हात लाव. धाकट्या पातीची जागा तेथे आहे." दावजींच्याने तेथे गप्प बसवले असते तर बरे होते, परंतु जन्माची विनोदाची खोड. म्हणाले, "असू दे दादा. लढाईत पाठ दाखविताना तू थोरला होतास, तेव्हा मी तुझा मान कोठे मागितला?"

कोणीतरी मागे हसला. एकच हसला, परंतु हसला. सुभानरावांच्या हातात चाकू उघडा होता आणि कुंकू ओले होते. हात पुढे गेला आणि मागे आला, बस्स. ओरडा नाही, झोंबाझोंबी नाही. दावजी उभेच राहिले. खाली आपल्या अंगरख्याकडे पाहून म्हणाले, "कुंकू सांडले की." मग सिदोजींकडे वळून पुसिले, "काही लागले काय रे?" आणि मग गुडघे मोडून हळूच खाली बसले, आणि सिदोजींनी धावून मस्तक मांडीवर घेईतो प्राण गेला होता. सुभानराव तेथेच उभे होते. त्यांनी सवयीप्रमाणे चाकू मिटविला, कमान टक् करून बसली, आणि तो सिदोजींपुढे धरिला, जणू उसना आणिलेला जिन्नस परत करावा.

दरबार उठला. वकिलाने अंगठ्यास पट्टी बांधीत आईसाहेबांस निरोप धाडिला, "आमच्या सरकारचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्या लोकांस चार बोटांचे पातेही जड जाते." त्याच आठवड्यात पलीकडून हुकूम आला. आता पाते कसलेच बाळगू नये, खंडेनवमीचा दरबार बंद, आणि जेथे मानकऱ्यानेच मानकरी गादीपुढे मारिला तेथे सनदा कसल्या, म्हणून सनदा जप्त. सुभानरावांस पलीकडचे शिपाई घेऊन गेले. आपल्या गुन्हेगारास शासन करण्याचाही अधिकार गादीस उरला नाही. त्यांचे पुढे काय जाहले कोणास कळले नाही. आईसाहेबांनी सिदोजींस एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त म्हणाल्या, "सातही नेऊन द्या, दरोगे. तलवारी तुम्हीच दिल्या होत्या." महाराजांस वर्तमान सांगितले, त्यांनी भिंतीकडचे तोंड वळविले नाही.

दावजींचे दिवसकार्य उरकल्यावर सिदोजी त्यांच्या घरी गेले. सातही चाकू शेल्यात होते, दुसरे दिवशी वकिलाकडे पोहोचवावयाचे. दावजींची बायको सगुणाबाई माजघराच्या दाराशी बसली होती, कपाळ रिते, पुढ्यात सुपात तांदूळ, परंतु निवडीत नव्हती. सिदोजी अंगणातच उभे राहिले. वाटेत त्यांनी ठरविले होते की सारे सांगावे. मोरांचे चाकू घेतले असते तर पाते उलटून सुभानरावांचीच बोटे कापिली असती आणि दावजी हसत घरी आले असते. बावीस घेतले असते तर तंटाच जाहला नसता. दरबारात तुझ्या नवऱ्याचे नाव माझ्या जिभेवर होते आणि मी ते गिळिले. हे सारे सांगावे आणि ती बोलेल ते माथी घ्यावे, शिव्या दिल्या तर शिव्या, माती फेकली तर माती. परंतु तोंड उघडण्याआधी सगुणाबाईच बोलली.

"भावजी, तुम्ही जवळ होता. खरे सांगा. त्यांस यातना फार जाहल्या काय?"

"नाही, वहिनी. त्यास कळलेही नाही. लागले काय म्हणून मलाच पुसले."

"कळले कसे नाही?"

सिदोजी खाली पाहून म्हणाले, "पाते फार चांगले होते."

 सगुणाबाईने सुपातील तांदळावरून हात फिरविला आणि म्हणाली, "माझे वडील गंजक्या भाल्याने गेले. तीन दिवस ओरडत होते. मी लहान होते, कानात बोळे घालून बसले होते." मग डोळ्यांस पदर लाविला आणि बोलली, "तुम्ही चांगले पाहून घेतले ते बरे केले, भावजी. देव तुमचे भले करो." आणि उठून आत गेली, पाण्याचा तांब्या आणि गूळ आणून त्यांच्यापुढे ठेविला. सिदोजींनी जे सांगावयास आणिले होते ते मनातच राहिले. गूळ हातात तसाच धरून ते उभे राहिले, मग तोंडात घातला, पाणी प्याले, आणि नमस्कार करून निघाले.

तात्पर्य, तह जाहला, चाकू आणिले, मान गेला, माणूस गेला, सनदा गेल्या. गादी नावास राहिली. सिलेखान्यात पलीकडील सरकारने मीठ भरले आणि राखण सिदोजींकडेच ठेविली, ती त्यांनी मरेतो चोख केली. थोड्या द्रव्यात उत्तम जिन्नस कैसा पारखावा हे त्यांस ठाऊक होते, परंतु पुढे कोणी पुसावयास आले तर ते सांगत नसत. जाहले तैसे लिहिले, अधिक घातले नाही, उणे केले नाही. येथे लेखणी ठेविली असे.